‘उणीदुणी काढू नका’ म्हटलं आणि धाकटा भाऊ ग्रुप सोडून गेला

पत्र:

मी लातुरात राहते. माहेर औसा तालुक्यातलं. थोरले अण्णा, मधली मी आणि धाकटा भाऊ. 2016 च्या उन्हाळ्यात अण्णांनी कर्ज काढून बोर पाडला. साडेसहाशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. अण्णा म्हणतात, धाकट्यानं ऊस लावला म्हणून जुना बोर आटला, नाहीतर नवा कशाला पाडला असता? धाकटा म्हणतो, अण्णांनी कुणाला न विचारता, नारळ धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या भरवशावर पैसा घातला, त्या कर्जातला अर्धा वाटा मी का उचलू? पुढं वाटणी झाली, बोलणं मात्र संपलं नाही. बोरवरून सुरू होतं आणि धाकट्याच्या लग्नातल्या आहेरापर्यंत जातं. यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या रानातल्या पूजेला, शेतात कडब्याच्या दोन कोपी (खोपी) घालायच्या असं ठरल्याचं कळलं. मला राहवलं नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, ‘आता उणीदुणी काढू नका, येळवस एकत्र करा.’ धाकट्यानं लगेच लिहिलं, ‘आक्का, उणीदुणी मी काढतो का?’ आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. तासाभरात अण्णांचा फोन, ‘तू हे मलाच म्हणालीस ना?’ मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ती म्हणते, उणीदुणी काढणं म्हणजे इंग्रजीतलं रिक्रिमिनेशन, दोघांनी एकमेकांवर आरोप करणं, मग त्यात चुकलं काय? मी तर दोघांसाठी माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र करून दिलं. मला यातून काय मिळणार आहे? माझा शब्द चुकला का? आणि येळवशीला जाऊन काय म्हणू?

— मधली, लातूर

उत्तर:

ताई, तुमचा शब्द बरोबर होता, पण अर्धाच होता. उरलेला अर्धा शब्द म्हणजे ‘एकमेकांची’.

उणीदुणी काढायला दोघं लागतात असं तुमच्या मुलीला वाटतं, कारण आपण हा शब्द बहुतेक वेळा ‘एकमेकांची’ जोडूनच ऐकतो. पण जोड काढून बघा. ‘सासू दिवसभर सुनेची उणीदुणी काढते.’ हे वाक्य पूर्ण आहे आणि त्यात सून एक शब्दही बोललेली नाही. ‘पाहुणे जेवून गेले आणि वाटेत आमची उणीदुणी काढत बसले’, इथंही एकच बाजू बोलते. म्हणजे दोन्हीकडून असणं हा या शब्दाचा स्वभाव नाही. ‘कुणाची’ हे सांगावं लागतं. तुम्ही ते सांगितलं नाहीत आणि ती रिकामी जागा दोघांनी आपापल्या मनानं भरली.

त्यातून तुमचं ‘काढू नका’. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, तरी तुमचं पत्र वाचेपर्यंत हे असं घरात घुसलेलं पाहिलं नव्हतं. ‘नका’ अनेकांना म्हणतात आणि मान द्यायचा असेल तर एकालाही म्हणतात. तुम्ही पत्रात लिहिता, अण्णा ‘म्हणतात’ आणि धाकटा ‘म्हणतो’. म्हणजे घरात अण्णांना अहो-जाहो आणि धाकट्याला अरे-तुरे. अण्णांनी ‘काढू नका’ वाचलं तेव्हा त्यांना ते रोजच्यासारखं, आदरानं, एकट्याला म्हटलेलं वाटलं असणार. धाकट्याला तुम्ही एरवी ‘काढू नको’ म्हणता. त्याला ‘नका’ दिसलं आणि वाटलं, आक्कानं मला अण्णांच्याच पंक्तीत बसवलं. एकाला वाटलं बोलणं आपल्या एकट्याला आहे, दुसऱ्याला वाटलं आपला त्यात काही संबंध नसताना ओढलं. व्याकरणाच्या हिशोबानं दोघंही चुकलेले नाहीत. म्हणून ‘मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं’ हे त्यांना पुन्हा पुन्हा पटवायला जाऊ नका. नाव न घेतल्यामुळंच हे झालं.

आता शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगते, कारण पुढं त्याचा उपयोग होणार आहे. उणं म्हणजे कमी. उणीव, उणे दोन अंश तापमान, अधिक-उणे, ही सगळी त्याचीच घरची माणसं. दुणं म्हणजे दुप्पट. आपण पाढ्यात ‘बे दुणे चार’ म्हणायचो तेच दुणे, आणि ‘राग दुणावला’, ‘उत्साह दुणावला’ यातलंही तेच. उणंदुणं म्हणजे मुळात कमी-जास्त. एखाद्याच्या वागण्यात कुठं कमी पडलं, कुठं जास्त झालं, ते सगळं. आपल्याकडं बोलताना ‘उणंदुणं काढू नको’ असंही म्हणतात, लिहिताना बहुतेक उणीदुणीच येतं.

पण मला या शब्दात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं क्रियापद. आरोप करतात, खापर फोडतात, चिखल फेकतात. उणीदुणी मात्र ‘काढतात’. काढायला आधी कुठंतरी ठेवलेलं असावं लागतं. जे आत्ता घडलं त्याबद्दल माणूस रागावतो, ओरडतो, पण त्याला सहसा कुणी उणीदुणी काढणं म्हणत नाही. जुनं, त्या वेळी न बोललेलं, सांभाळून ठेवलेलं असं बाहेर येतं तेव्हा हा शब्द जास्त चपखल बसतो. बोरवरून आहेरापर्यंत जातात असं तुम्ही लिहिलंत, ते यामुळंच. आहेराचं त्या लग्नात कुणी बोललं असतं तर तिथंच मिटलं असतं. ते तसंच राहिलं आणि दर भांडणात थोडं वाढून बाहेर येतं.

तुमच्या मुलीचा इंग्रजी शब्द थोडा वेगळा आहे, तिला सांगा. रिक्रिमिनेशन म्हणजे उलट केलेला आरोप. आपला ‘प्रत्यारोप’ त्याच्या जास्त जवळचा. आरोप हा शब्दही मोठा बोलका आहे. आपण शेतात लावतो ते रोप, वृक्षारोपणातलं रोपण आणि हा आरोप, तिघांचं मूळ एकच. आरोप म्हणजे दुसऱ्याच्या माथी रोवलेलं. प्रत्यारोपाला मात्र आधी कुणाचा तरी आरोप लागतोच. आणि भांडणात अडकलेल्या प्रत्येक माणसाला मनापासून वाटतं की माझा तो प्रत्यारोप, आरोप समोरच्यानं केला. तुमच्या धाकट्याचं ‘उणीदुणी मी काढतो का?’ हे तेच आहे. तो खोटं बोलत नाही. आपण फक्त उत्तर देतोय असंच त्याला वाटतं. अण्णांनाही तसंच वाटतं. म्हणून ‘सुरुवात कुणी केली’ या प्रश्नाच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. दोघांकडं त्याचं उत्तर तयार आहे आणि ते सारखंच आहे.

मग दुसरा शब्द वापरायला हवा होता का, असं तुम्ही विचाराल. ‘तू-तू मी-मी करू नका’ म्हटलं असतं तर अर्थ नक्कीच दोघांकडं गेला असता, त्या शब्दातच तू आणि मी दोघं आहेत. हमरीतुमरीचंही तसंच, पण ती तोंडातोंडी लागल्यावरची गोष्ट आहे, कॉलर धरायच्या एक पायरी अलीकडची. तुमच्या घरी तशी वेळ आलेली नाही, देवाच्या दयेनं येऊही नये. ‘अरेला कारे’ म्हणजे फक्त उत्तराचा सूर. टोलवाटोलवी कचेरीत शोभते, तलाठ्यानं तहसिलीकडं आणि तहसिलीनं तलाठ्याकडं पाठवावं तशी. खापर फोडणं हे एकतर्फीच असतं, एका फसलेल्या कामाचा सगळा दोष एकाच्या डोक्यावर. अण्णा धाकट्याच्या उसावर फोडतात ते खापर आहे. पण यातला कुठलाही शब्द ग्रुपवर लिहिला असता तरी परिणाम फार वेगळा झाला असता असं मला वाटत नाही. हे सगळे शब्द भांडणाबाहेर उभं राहून भांडणाला नाव देणारे आहेत. भांडणाऱ्या माणसाला ते नाव कधी आपलं वाटत नाही.

ताई, त्या बोरबद्दल बोलू. 2014 आणि 2015, लागोपाठ दोन पावसाळे आपल्याकडं कोरडे गेले. धनेगावचं मांजरा धरण आटलं. तुम्ही लातुरात होतात, तुम्हाला सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिल 2016 ला पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ज्या उन्हाळ्यात अख्ख्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात अण्णांनी बोर पाडला. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी वाळूत साठावं तसं सगळीकडं साठत नाही, फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत राहतं. भेग लागली तर पाणी, नाहीतर पन्नास फुटांवर शेजाऱ्याचा बोर चालू असताना आपल्याकडं नुसती भुकटी. उसानं पाणी खूप ओढलं हे खरं. पाणाड्याच्या हातातल्या नारळाला खडकातली भेग दिसत नाही हेही खरं. पण दोन वर्षं पाऊस नसताना हा बोर कुणा एकामुळं गेला असं म्हणायला जागा नाही.

तरी हे तुम्ही अण्णांना सांगू नका. म्हणजे असं सांगू नका. ‘तुमची चूक नाही, खडकच तसा’ हे बाहेरच्याला समजुतीचं वाटतं. पण ज्यानं कर्ज काढलं त्याला ऐकू येतं, ‘तुमचा पैसा उगाच गेला.’ बोरची गाडी रात्री-बेरात्री शेतात येते. ती घरघर तासन्‌तास चालते, एकेक नळी खाली जाते तसा दर वाढत जातो आणि माणूस त्या भोकातून काय उडतं ते बघत उभा राहतो. चिखल उडाला तर जीव भांड्यात पडतो. तुमच्या अण्णांच्या अंगावर साडेसहाशे फुटांपर्यंत फुफाटाच आला. ‘अण्णा, त्या रात्री तुम्ही एकटेच उभे होतात ना तिथं?’ एवढंच त्यांना कुणी विचारलंय का? धाकट्यानं विचारलं असेल असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही, आणि तुम्ही तरी? ‘ऊस लावला म्हणून’ हे अण्णांचं बोलणं मला पाण्याबद्दलचं वाटत नाही. एवढं मोठं नुकसान एकट्याच्या अंगावर पडलं, त्याबद्दलचं वाटतं.

धाकट्याचं बोलणंही पुन्हा वाचा. ‘कुणाला न विचारता.’ कर्जाचा वाटा तो नंतर म्हणतो, आधी हे म्हणतो. त्याला कमी पडलेली गोष्ट पैसा नसून विचारणं आहे. वाटणीच्या वेळी पैशाचा हिशोब कागदावर झाला असेल, नसेल तर आजही होऊ शकतो. एक दिवस दोघांना घेऊन, जाणत्या नातेवाईकासमोर, व्याजासकट आकडा मांडा, ती एक तक्रार आहे आणि तिचा निकाल लागतो. पण ‘मला विचारलं नाही’ हे कागदावर मिटत नाही. ते अण्णांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मिटणार नाही, आणि तुम्ही घाई केलीत तर अण्णा ते कधीच म्हणणार नाहीत.

आता थोडं नाजूक बोलते, मोठी बहीण समजून ऐकून घ्या. तुमच्या पत्रातही एक उणं आहे. ‘मी तर हक्कसोडपत्र करून दिलं, मला यातून काय मिळणार आहे?’ महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, पुढं 2005 ला तो देशभर झाला. म्हणजे तुम्ही सोडलं ते काही मानपानाचं लुगडं नव्हतं, जमिनीतला भावांइतकाच वाटा होता. सही करताना तुमच्याशी कुणी नीट बोललं का, सहीनंतर कुणी बरं म्हटलं का, मला माहीत नाही. पण ते वाक्य पत्रात जिथं आलंय तिथं त्याचा संबंध नव्हता. ते बाहेर आलं, कारण आत ठेवलेलं होतं. तुमचं दुःख खरं आहे आणि त्याला हक्काची जागा हवी. ती जागा येळवशीची कोप नव्हे. तिथं ते वाक्य निघालं तर दोघांच्या भांडणात तिसरी आक्का उतरेल आणि मग दोघंही तुमचं ऐकणार नाहीत. तुमच्या मालकांजवळ बोला, मैत्रिणीजवळ बोला, वाटलं तर पुढं कधी भावांना एकेकट्याला स्पष्ट सांगा, ‘मला वाईट वाटलं होतं.’ पण बोरच्या बोलण्यात ते मिसळू नका.

माझ्या घरातलं सांगते. 1972 च्या दुष्काळात आई आणि थोरली चुलती दोघी खडी फोडायला जायच्या. मी सात वर्षांची. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी आणि कामावर मिळायची ती सुकडी, कोरडं खाणं. चूल एक होती. एका संध्याकाळी चुलती म्हणाली, तुझ्या लेकरांच्या वाट्याला मूठभर जास्त जाते. आई तेव्हा काही बोलली नाही. दुष्काळ संपला, जमिनी वेगळ्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, पण कुठल्याही बोलण्यात ती मूठ यायचीच. बैल विकायचा असो, बारसं असो, शेवटी ‘सुकडीत हात मारणारी’ इथंच गाडी यायची. आईही मग चुलतीचं काय काय काढायची. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं.

माझ्या लग्नात, पाठवणीच्या आधी, चुलती आईजवळ आली आणि म्हणाली, “आपलं काय अधिक-उणं झालं आसंल तर पोटात घाल.” आई काही बोलली नाही. पंक्त बसली तेव्हा ती स्वतः वाढायला आली आणि चुलतीच्या ताटात तिनं ओंजळभर बुंदी घातली. चुलती ‘बास, बास’ म्हणत राहिली. मी ते मांडवातून पाहत होते.

त्या वाक्याकडं लक्ष द्या. ‘अधिक-उणं’ म्हणजे शब्दार्थानं उणंदुणंच. तेच कमी, तेच जास्त. सोयरीक जमल्यावर, पाहुणे निघताना, सभेच्या शेवटी आपण म्हणतोच, ‘काही अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्या.’ फरक एवढाच की उणीदुणी नेहमी दुसऱ्याची असतात आणि अधिक-उणं नेहमी आपलं. उणीदुणी बाहेर काढतात, अधिक-उणं पोटात घालायला सांगतात. आणि हे म्हणताना काय चुकलं ते मोजून दाखवावं लागत नाही, म्हणून थोरल्या माणसालाही ते तोंडातून काढणं जड जात नाही. माझ्या चुलतीनं मुठीचा उल्लेख केला नाही. केला असता तर आईनंही बैलाचा केला असता.

तर तुम्ही काय करायचं. ग्रुपवर आता काही लिहू नका आणि धाकट्याला परत ग्रुपमध्ये घालायलाही जाऊ नका. त्याला फोन करा. ‘मी तुला तसं म्हणाले नव्हते’ ही सफाई देऊ नका, ‘माझं बोलणं अधिक-उणं झालं, पोटात घाल’ म्हणा आणि मग गप्प बसून त्याचं ऐका. तो बोरवर येईल, आहेरावर येईल, येऊ द्या. मधे अण्णांची बाजू घालू नका. अण्णांकडं मात्र फोनवर नको, समक्ष जा. त्यांना ती रात्र विचारा. तुमचं आणि त्यांचं बोलणं तिथंच संपलं, पुढं काहीच निघालं नाही, तरी चालेल.

येळवशीला दोन कोपी होत असतील तर यंदा होऊ द्या. एकच कोप व्हावी म्हणून हट्ट धरलात तर कुणाच्या रानात, कुणाच्या कडब्याची, पूजेचे पांडव (पाच दगड) कुणी मांडायचे, यावर नवं सुरू होईल. तुम्ही लातुराहून सकाळी लवकर निघा आणि आंबील तुमच्या हातची करून न्या, पुरेशी, दोन मडकी. दोन्हीकडं पूजेला थांबा. धाकट्याच्या घरची मिसळ भाज्यांची भज्जी अण्णांच्या कोपीत नेऊन द्या आणि अण्णांच्या घरची खीर इकडं आणा, वाटी झाकून, बांधावरून. कुणी विचारलं की कुणाची, तर नाव सांगा आणि पुढं एक शब्दही बोलू नका. दोघांची लेकरं तुमच्यामागं बांध ओलांडून येतीलच. त्यांना कुणी हाक मारून परत बोलावतं का, तेवढं बघून मला लिहा.